वकिलांच्या खुर्चीमागचा एकतिसावा

खुर्च्यावाले मामा बावीस वर्षं पक्षात होते, पण त्यांना भाषण करताना कुणी पाहिलं नव्हतं. सभा असली की घडीच्या खुर्च्या हातगाडीवर लादून आणायच्या, मांडायच्या आणि कुणी पडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायचं, एवढंच त्यांचं राजकारण.

त्या रविवारी मात्र मामांना एक बाजू घ्यायची होती. त्यांची धाकटी बहीण, दवाखान्यातली नर्स, पक्षाकडे नगरपालिकेची उमेदवारी मागत होती. तीन वर्षं दारोदार फिरून तिनं चपला झिजवल्या होत्या. त्याच उमेदवारीसाठी समोर वकीलसाहेब.

मोजणीचे मास्तर तोऱ्यात सांगत होते, "कुठल्या देशात चार पुढारी दार लावून नाव ठरवतात, कुठं सभासद चिठ्ठ्या टाकतात. आपलं सगळं उघड! दोन्ही उमेदवार खुर्चीत बसतील, जो हवा त्याच्या खुर्चीमागं उभं राहायचं. शिट्टी झाली की हलायचं नाही."

माणसं उठली. मामा बहिणीकडे निघाले, तोच वकिलांची खुर्ची कुरकुरली. मागच्या पायाचा बोल्ट गळून पडलेला! मामांनी झेप घेऊन खुर्चीची पाठ धरली आणि शिट्टी वाजली.

"वकीलसाहेब एकतीस, नर्सबाई तीस!"

"अहो मास्तर, मी खुर्ची धरलीय, यांना नाही!"

"नियम म्हणजे नियम, मामा."

बहीण ताडकन उठली. "दादा, सोड ना ती!"

"सोडली तर पडतील गं! खुर्ची आपली आहे, नाव आपलं जाईल."

वकिलांनी मान वळवून पाहिलं. मग जपून उठले. मामांनी हात काढला, तशी खुर्ची धाडकन आडवी! सगळी खोली खो खो हसायला लागली. वकिलांना तर हसता हसता ठसका लागला.

"माझ्यामागं एकतीस जण, आणि सावरणारा एकटाच, तोही तिकडचा! मास्तर, वाजवा परत शिट्टी. जा हो मामा, जा बहिणीकडे."

मामा गेले. वकीलसाहेब तीस, नर्सबाई एकतीस. टाळ्यांनी पत्रे दणाणले.

बहिणीनं सगळ्यांना हात जोडले. ती मटकन बसणार, एवढ्यात मामा ओरडले, "थांब!"

वाकून त्यांनी तिच्या खुर्चीचे चारही पाय हलवून बघितले, डोळे पुसले आणि म्हणाले, "हं. बस आता."