सातव्या पानावरचा धनेश

आमच्या भाऊजींइतका सरळ माणूस अमरावतीपासून अकोल्यापर्यंत नसेल, आणि त्यांचं लग्न जमवण्याइतकं अवघड कामही. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतात, वय एक्केचाळीस. सुटी लागली की बसने परतवाडा गाठतात आणि दिवसभर रानात पाखरं बघत फिरतात. एकदा येताना गूळ आणायला सांगितलं, तर पिशवीभर मोराची गळालेली पिसं आली, गूळ नाही. वर मलाच प्रश्न, "वहिनी, एवढं ओझं घेऊन हा बिबट्यापासून पळते कसा, सांगा." मोर हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पिसारा पोसायला अन्न लागतं, उडताना तो आड येतो, शत्रूला दुरून दिसतो. दुबळ्या मोराला हे झेपतच नाही, म्हणून लांडोर पिसाऱ्यावर विश्वास ठेवते, हे त्यांनी आमच्या दूधवाल्यालाही समजावलं आहे.

स्थळं मी वहीत क्रमाने लिहिते. नववं अकोल्याच्या जठारपेठेतलं, मुलगी अडतीस वर्षांची, बँकेत. मोराचा विषय काढायचा नाही, असं मी निघतानाच बजावलं होतं. पोह्यांची बशी हातात आली आणि मुलीच्या वडिलांनी विचारलं, "गाडी कोणती आहे जी?"

"स्कूटर," भाऊजी म्हणाले. "गाडी मागूनबी आणता येते, काका. पिसारा मागून आणता येत नाही." पुढे वीस मिनिटं मोर.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण सर, पिल्लं झाल्यावर मोर थांबते का?"

"नाही. पिल्लं ती एकटीच वाढवते."

"मंग त्या पिसाऱ्याचं लांडोरीनं काय करावं?"

भाऊजींनी तो प्रश्न खिशातल्या कागदावर लिहून घेतला. परतीच्या बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत ते तो कागदच बघत होते. मग म्हणाले, "वहिनी, हीच. मी पत्रानं कळवतो."

पत्र लिहायला तीन आठवडे लागले. अकरा पानं, रंगीत आकृत्यांसह. मी ते न वाचताच पोस्टात टाकलं आणि वहीत 'होकार कळवला' असं लिहून मोकळी झाले. ही चूक माझी. उत्तर येईना म्हणून फोन केला, तेव्हा मुलीचे वडील म्हणाले, "ताई, अकराही पानं वाचली. पाखरांचं समजलं, पावण्यांचं नाही समजलं. होकार कुठी दिसला नाही, आमी नकार धरला. परवा दुसरीकडं सुपारी फुटली तिची."

भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "सातव्या पानावर धनेश होता ना." धनेशाची मादी अंडी उबवायला झाडाच्या ढोलीत बसून तिचं तोंड आतून लिंपून घेते, आणि नर कित्येक आठवडे फटीतून तिला फळं भरवत राहतो, असं त्यांनीच मग सांगितलं.

"सरळ हो लिहायचं होतं, भाऊजी."

"हो तर कोणीबी लिहिते, वहिनी."

हे एवढं एक वाक्य त्या पत्रात असतं, तर तिला कळलं असतं, असं मला वाटतं. आता अकोल्याला काम निघालं तरी मी जठारपेठेच्या बाजूने जात नाही.