अर्कशाळेच्या फाटकावरचं नाक

"फुंका."

शब्द एवढा एकच. तो म्हणताना हवालदार डोळे मिटायचे, हनुवटी वर करायचे आणि मिशीचं डावं टोक चिमटीत धरून बाजूला ओढायचे, जणू जीपचा दरवाजाच उघडतायत. मग नाक पुढं यायचं. त्या नाकासमोर तुम्ही कोणीही असा, फिटर असा नाहीतर हेडक्लार्क, तोंड उघडून पोटातली हवा बाहेर सोडावीच लागायची. तोपर्यंत फाटकाचा बांबू आडवाच.

हे फाटक आमच्या साखर कारखान्याच्या अर्कशाळेचं. अर्कशाळा म्हणजे पाटीवरचा शब्द. गावात सगळे डिस्टिलरीच म्हणत, आणि बायका सरळ दारूचा कारखाना म्हणत. साखर काढून उरलेली काळी मळी हौदात आंबवायची, तांब्याच्या उंच नळकांड्यातून वाफेवर चढवायची, की पलीकडून पाण्यासारखं स्पिरिट गळायचं. कारखाना कोणता ते मात्र विचारू नका. धाराशिव जिल्ह्यातला होता एवढं पुरे. त्यातले निम्मे डायरेक्टर अजून जिवंत आहेत आणि उरलेल्यांची मुलं डायरेक्टर आहेत.

मी कारखान्याच्या जीपवर ड्रायव्हर. हवालदार पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. पलटणीत ते शिपाईच होते, हवालदार आम्ही केलं. ती बढती सरकारनं दिली नव्हती म्हणून ती कधी परत घेता आली नाही.

नाकाचं काय सांगू! मुरुमच्या बाजारात कुणी बाटलीचं बूच काढलं, तर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वाशीला सोयऱ्याकडं गेलेल्या हवालदारांना शिंक यायची. खोटं वाटत असेल तर वाशीला जाऊन विचारा. मुरुमला विचारू नका, तिथले लोक बाटली कबूल करणार नाहीत. फाटकावर तर ते नुसत्या श्वासावरून तुमचं घर वाचायचे. "सकाळी पिठलं. लसूण सासूनं घातलाय, बायकूनं न्हाय. जा." माणूस हबकून बांबूखालून निघून जायचा.

फाटकाशेजारी पत्र्याचा बोर्ड होता: 'बाहेर पडताना प्रत्येकाने तोंडाची तपासणी दिलीच पाहिजे. मद्यप्राशन आढळल्यास घरी बसवण्यात येईल. हुकमावरून.' खाली चेअरमनसाहेबांची रंगवलेली सही. अर्कशाळेतला माल सरकारी कुलपात, पण कुलपापर्यंत पोचायच्या आधी बराच माल कामगारांच्या घशात पोचायचा, म्हणून हा हुकूम.

एकदा बड्या घरचा एक नवा क्लार्क फाटकाशी अडला. नाव सांगत नाही, त्याच्या घरची जमीन दोन शिवारांत पसरलेली. म्हणाला, "तुमच्यापुढं मी तोंड उघडू?"

हवालदारांची वस्ती बौद्धांची. वाक्यातला 'तुमच्या' कुणाला लागला हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं. हवालदारांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"माझा बाप तुमच्या दारापुढनं जाताना तोंडावर हात धरायचा," ते म्हणाले. "धा-धा पावलं लांबनं. आता पाळी उलटी हाय. तुमी उघडायचं, आन् लांबनं न्हाय. जवळ या."

क्लार्क जवळ आला. फुंकला. "साफ. जा," हवालदार म्हणाले, आणि त्याच सुरात पुढच्याला म्हणाले, "फुंका."

पण या नाकाची खरी करामत वेगळीच होती, आणि ती पाहायला तुम्हाला दुष्काळात यावं लागलं असतं. आमच्याकडं दुष्काळ पाहुण्यासारखा यायचा नाही, घरजावयासारखा राहायचा. भर दुपारी सूर्य शिवारावर येऊन थांबायचा आणि पुढची वाट विचारायचा. सांगायला माणूस नसायचं, सगळे सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. अशा दिवसांत पाळी सुटली की हवालदार एखाद्याच्या श्वासाशी अडायचे. मिशी सोडायचे. हळू आवाजात म्हणायचे, "उपाशी हाईस."

माणूस नाही म्हणायचा.

"नाकाला शिकवू नको. बस तिथं."

मग लिंबाखालचा डबा उघडायचा. त्यात ज्वारीच्या भाकरी इतक्या, की डबा उचलताना हवालदारांचा खांदा एका अंगाला उतरायचा. डबा त्यांची लेक आणायची. एका माणसाला एवढ्या भाकरी कशाला हे तिनं बापाला कधी विचारलं नाही. मीही त्या डब्यातलं खाल्लंय. दारू प्यालेला माणूस ओळखणारे पुष्कळ भेटतील. रिकाम्या पोटाचा वास हेरणारं नाक मी एकच पाहिलं.

आणि त्याच नाकानं एक दिवस घरातच आग लावली.

लेकीचा नवरा अर्कशाळेतच हौदावर होता. सरळ पोरगा, पण त्या दिवशी कुणीतरी पैज लावली आणि त्यानं घोटभर घेतली. पाळी सुटली. रांगेत तो उभा. सगळ्यांना वाटलं, सासरा आहे, आज मिशी हलायची नाही. मिशी हलली. नाक पुढं आलं.

"घेतलेली," हवालदार म्हणाले. "घरी बसायचं."

"मामा, एकडाव..."

"मामा घरी. हितं बोर्ड हाय."

जावई घरी बसला. दुष्काळात घरी बसणं म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. लेक खडीच्या कामावर जायला लागली. तरी दुपारी डबा घेऊन यायची, फाटकाशी आदळायची आणि न बोलता वळायची. आता हवालदारांचा खांदा उतरत नव्हता. डबा एका बोटावर झुलायचा.

एक दिवस मी जीप फाटकातून बाहेर काढली तेव्हा ती बोलली. पाठीमागच्या सीटवर नुकतेच अर्कशाळा पाहून आलेले पाहुणे, डोळे लालबुंद. बांबू नेहमीसारखा वर गेला आणि हवालदारांनी पलटणीतला कडक सलाम ठोकला. जीपची धूळ अजून खाली बसायची होती, तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला.

"आबा, जीप आली की तुमच्या नाकाला पडसं होतं का हो?"

मी आरशात पाहिलं. हवालदारांचा सलामाचा हात तसाच कपाळाशी होता. खाली यायचं विसरला होता.

त्यानंतर ते कुणाशी नीट बोलले नाहीत. तपासणी चालू, पण "सकाळी पिठलं" वगैरे बंद. मला एकदाच म्हणाले, "डायवर, ती खरं बोलली. माझं नाक गरिबाचंच तोंड हुंगतं. असलं नाक कापून फाटकाला टांगावं." मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत.

आता ते पाहुणे कोण ते सांगतो. सहकाराच्या त्या दिवसांत प्रत्येक तालुक्याला स्वतःचा कारखाना हवा होता, आणि काढायचा तर आधी दुसऱ्याचा बघायला हवा. पाच-सहा जणांचं टोळकं यायचं. त्याला अभ्यासदौरा म्हणत. या विद्यार्थ्यांपैकी एकाच्याही हातात मी कधी पेन्सिल पाहिली नाही. मी त्यांना रेस्टहाऊसवरून उचलायचो, करपलेल्या शिवारातून फिरवायचो, पाझर तलावावर घाम गाळणारी माणसं लांबूनच दाखवायचो, मग कारखान्याचा चरक, मग साखरेची गोदामं. पाहुणे सगळीकडं माना हलवायचे आणि घड्याळ बघायचे. सगळ्यांचा जीव शेवटच्या थांब्यात.

शेवटचा थांबा अर्कशाळा. तिथला केमिस्ट पाहुण्यांसाठी खास माल करायचा. स्पिरिटमध्ये पाणी, वरून रंगाला जाळलेली साखर, आणि त्याला व्हिस्की म्हणायचं. गावाला टँकर यायचा तेव्हा यायचा, या ग्लासातलं पाणी कधी चुकलं नाही. पाहुण्यानं घोट घेऊन विचारावं, "कुठली हो ही?" आणि चेअरमनसाहेबांनी गंभीरपणे सांगावं, "स्कॉटलंडचीच. इथल्या उन्हानं जरा गोड झालीय."

लेकीच्या त्या टोमण्यानंतरचा पहिलाच अभ्यासदौरा. चेअरमनसाहेब स्वतः पुढच्या सीटवर, मागं पाहुणे दाटीवाटीनं, सगळे स्कॉटलंडला जाऊन आलेले. मी जीप फाटकाशी आणली. पाळी सुटायची वेळ, कामगारांची रांग लागलेली. खडीच्या कामाला सुट्टी होती, लेक डबा घेऊन लिंबाखाली उभी.

बांबू आडवा.

मी हॉर्न दिला. हवालदार आले. सलाम ठोकला, आजवरचा सगळ्यात कडक. मग डोळे मिटले, हनुवटी वर केली, मिशीचं टोक ओढलं.

"फुंका."

मागच्या सीटवर कुणाला तरी हसू फुटलं. चेअरमनसाहेब म्हणाले, "मला ओळखलं नाहीस का?"

"ओळखलं म्हणून तर. बोर्डावर सही तुमचीच हाय."

"बांबू काढ."

"फुंका, साहेब. 'प्रत्येकाने' लिवलंय. मी दोनदा वाचून बघितलं, जीप सोडून असं कुठं न्हाय."

हौदावरच्या माश्या घोंगावताना ऐकू येत होत्या. चेअरमनसाहेबांचा आवाज खाली उतरला, आणि आवाज उतरला की त्यांची खरी भीती वाटायची. "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"उद्याचं उद्या," हवालदार म्हणाले. "आज फुंका."

"ड्रायव्हर, गाडी घाल बांबूवर!"

आता नेमकी त्याच वेळी जीप बंद पडली. काय बिघाड झाला म्हणता? बिघाड काही नाही. किल्ली माझ्या खिशात होती.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी बाहेर शिवाराकडं पाहिलं, बघण्यासारखं तिथं काहीच नव्हतं तरी. पाहुण्यांतला एक म्हातारा खो खो हसत खाली उतरला आणि हवालदारांच्या नाकावर असा फुंकला, की मिशी फडफडली. "घेतलेली," हवालदार म्हणाले, "हिकडं उभं ऱ्हावा." मग एकेक पाहुणा उतरला. "घेतलेली. घेतलेली. घेतलेली, आन् वर भजी." मघाशी गप्प असलेल्या रांगेत आता कुणी खोकत होतं, कुणी उपरण्यात तोंड खुपसत होतं.

शेवटी साहेब उतरले. दुसरं करणार काय? चालत जावं तर बांबू, बसून राहावं तर बघे वाढतायत. ज्या माणसापुढं अख्खा तालुका वाकायचा, तो स्वतः जरासा वाकला, कारण हवालदार उंचीनं कमी होते. आणि फुंकला.

हवालदारांनी घाई केली नाही. जावयाच्या वेळी घेतला तेवढाच वेळ घेतला.

"घेतलेली," ते म्हणाले. आवाज ना मोठा ना बारीक, जावयाच्या वेळी होता तोच. "घरी बसायचं."

मग बांबू वर केला आणि सलाम ठोकला. मला वाटतं तो सलाम साहेबांना नव्हता. पण तो लिंबाच्या दिशेनं होता की बोर्डाच्या, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण किल्ली सापडेना म्हणून मी खिसे चाचपत होतो.

साहेब अर्थातच घरी बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोर्ड मात्र गायब. बोर्डच नाही तर नियम कसला, आणि नियम नाही तर तो मोडला कुणी? असा बिनतोड हिशोब कामगारांनी ऑफिसात मांडला आणि जावई परत हौदावर आला. सगळे हवालदारांना शाबासकी द्यायला गेले, तर ते भडकले. "मला बोर्ड काढायचा न्हवता रे! सगळ्यांना लावायचा होता!"

त्यांना कामावरून काढायची हिंमत कुणाची झाली नाही, रांगेतल्या प्रत्येकानं ते फुंकणं पाहिलं होतं. पण बदली झाली. कारखान्याच्या तलावावर, उपशाच्या पंपावर पहारा. तलावात पाणी नव्हतं आणि पंपाची मोटर आधीच कुणीतरी नेलेली. माझीही जीप गेली, उसाचा ट्रॅक्टर हातात आला.

त्याच ट्रॅक्टरवरून मी एका दुपारी लेकीला तलावाकडं नेलं. डबा तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरलेला. भेगाळलेल्या तळाच्या काठावर हवालदार खुर्ची टाकून ताठ बसले होते, इस्त्रीचा गणवेश, मिशीला तेल. राखण काय करायची, तर उन्हाची.

लेक समोर जाऊन उभी राहिली. हनुवटी वर केली.

"आबा, फुंका."

हवालदारांनी इकडंतिकडं पाहिलं. मग लहान पोरासारखं तोंड उघडलं आणि फुंकले.

"उपाशी हाय," लेक मला म्हणाली, आणि डबा उघडला. तो उचलून खाली ठेवताना तिचा खांदा एका अंगाला उतरलेला मी पाहिला. "बसा, डायवरभाऊ. तुमाला धरूनच केल्यात."

हवालदार गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मागं फाटकावर पहारेकरी आले, पण नाक आलं नाही. अर्कशाळेची मालकी बदलली, रंग बदलला. बांबू गेला, दोन खांब तेवढे राहिले.

मी म्हातारा झालो तरी गाडी सुटली नाही. परवा नव्या चेअरमनांनी बोलावलं. त्या जुन्या चेअरमनसाहेबांचेच चिरंजीव. सोबत चार पाहुणे. अभ्यासदौरा हा शब्द आता कुणी वापरत नाही, पण रस्ता तोच, शेवटचा थांबा तोच आणि परतताना डोळे तसेच लाल. दोन खांबांपाशी आलो आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"का थांबलात, काका?" चिरंजीवांनी विचारलं.

"फाटक आहे."

"कुठाय फाटक?"

मी मान वळवली. डोळे मिटले, हनुवटी वर केली. मला मिशी नाही, तरी चिमूट गालापाशी गेली.

"फुंका, साहेब."

गाडीत सगळे हसले. मी हसलो नाही. गाडी बंद केली आणि किल्ली खिशात टाकली.