डाळीचा पंचनामा

"इख घातलंय हिनं! माझ्या टाकीत इख घातलंय, सायेब! हिला आत टाका, न्हायतर मी हितंच बसती!"

पोलीस ठाण्याच्या दारात एक बाई ओरडत होती. कडेवर लेकरू घ्यावं तसं डाळीचं पातेलं धरलेलं. आवाज असा की पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशी उठून घरी गेल्या असतील. इतकी वर्षं झाली, पण कुठं तुरीच्या डाळीला उकळी फुटली की मला ते पातेलं आणि तो आवाज आठवतोच.

त्या दिवशी मी आधीच धुमसत होतो. माझ्याच बॅचच्या एका मित्राने दरोडेखोरांची टोळी पकडली होती आणि सकाळच्या पेपरात त्याचा फोटो होता. फोटो चांगला आला होता, हे जास्त झोंबलं. त्याच्या नशिबी दरोडा आणि माझ्या नशिबी डाळ!

प्रकरण असं होतं. पेठेतलं एक घर वाटणीत दोन भावांत मधोमध कापलेलं. थोरल्या जावेची खानावळ डावीकडे, धाकटीची उजवीकडे. दोघींना नदीचंच पाणी, एकाच मोठ्या नळातून आलेलं. गच्ची मात्र सामाईक आणि तिच्यावर दोघींच्या दोन टाक्या. अलीकडे थोरलीची डाळ शिजेनाशी झाली होती. पातेल्यातला एक दाणा मी चावून पाहिला. खोटं वाटेल, पण तो बंदुकीत भरता आला असता. गिऱ्हाइकं एकेक करून भिंतीपलीकडे सरकली होती. थोरलीची चूल विझायची वेळ आली होती.

धाकटी मागोमाग आलीच. "आक्का, इख घातलं असतं तर तुमची गिऱ्हाइकं मेली असती. ती तर माझ्याकडं जेवाय येत्यात की!"

यावर जे झालं ते सोडवायला दोन महिला हवालदार लागल्या.

हसण्यावारी नेता येईना. पिण्याच्या पाण्यात काही मिसळल्याचा आरोप खरा निघाला असता तर धाकटी थेट कोठडीत गेली असती. स्टेशन डायरीत नोंद केली, दोन्ही टाक्यांच्या पाण्याचे नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवले आणि गच्ची पाहायला गेलो. थोरली माझ्या पुढे जिना चढत होती.

"बघा सायेब, पाणी माझ्या टाकीत आधी भरतंय. रोज माझीच टाकी आधी व्हाती. म्हणून जळती ती!"

मी मान डोलावली. लक्ष दिलं नाही.

मग खबर आली. समोरचा पानपट्टीवाला म्हणाला, "सायेब, सकाळी नळ यायच्या आधी एक कानटोपीवाला त्या गच्चीवर चढतोय. थोरलीच्या टाकीपाशी खुडबुड करून उतरतोय."

थोरलीला विचारलं तर तिने क्षणही घेतला नाही. "माझा दीर! दुसरं कोण?"

दिराला बोलावलं. आमच्या चौकशीच्या खोलीत भलेभले घामाने भिजतात. हा गडी जांभया देत होता.

"सायेब, मी पहाटे उठलो हे ऐकलं तर माझी बायको गल्लीत पेढे वाटंल. दुकानं उघडल्याबिगर माझा डोळा उघडत न्हाय."

साक्षीला बायको होतीच. तिने कपाळाला हात लावला तो मी पाहिला. असा हात खोटं बोलणारी बाई लावत नाही. चौकशीत माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या घरच्यांचं तोंड बघावं, हे मला नोकरीने शिकवलं.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत माझी बदली व्हायची शक्यता जास्त. म्हणून मी ठाण्यातच चूल मांडली. चहाच्या स्टोव्हशेजारी दुसरा स्टोव्ह, दोन सारखी पातेली, एकाच पिशवीतली डाळ. एकात थोरलीचं पाणी, दुसऱ्यात धाकटीचं. समोर दोन पंच. महाराष्ट्र पोलिसांच्या इतिहासात डाळीचा पंचनामा करणारा पहिला अधिकारी मीच, असं माझं मत आहे.

धाकटीच्या पाण्यात डाळ मेणासारखी झाली. थोरलीच्या पाण्यात ती हट्टाला पेटल्यासारखी तळाशी बसून राहिली. पंच कंटाळून बिडी ओढायला गेले. मी थोरलीच्या उरलेल्या पाण्यात हात धुतले, तर साबणाला फेस येईना. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी शिरोळकडचा. आमच्याकडे बोअरचं पाणी असंच. साबण संपतो पण फेस येत नाही, हंड्याला आतून पांढरा थर, आणि डाळ टाकली की आई म्हणायची, आता उद्या जेवा. हे विष नव्हतं. हे क्षाराचं जड पाणी होतं आणि ते नदीचं नव्हतं.

परत त्या घरी गेलो. परसात जुनी बोअर होती. वाटणीपासून बंद आहे, असं सगळे सांगत होते. तिच्यावरच्या गोणपाटाखालून एक काळा पाइप निघाला होता आणि भिंतीला बिलगून गच्चीवर, थेट थोरलीच्या टाकीत गेला होता. आदल्या खेपेला तो मला नळाचाच वाटला होता.

थोरलीच्या नवऱ्याला बाजूला घेतलं. त्याच्या खिशातून कानटोपीचा गोंडा बाहेर डोकावत होता. त्याला दमही द्यावा लागला नाही. चहा पुढे केला आणि तो बोलता झाला.

"धाकटीची टाकी लहान, सायेब. रोज आधी भरून वाहायची. आमची ही परसात उभी राहून बघायची आणि मग दिवसभर माझा उद्धार. म्हणून म्या बोअर जोडली. नळ यायच्या आधीच अर्धी टाकी भरून ठेवायचो. हिची आधी वाहायला लागली. घरात शांतता आली की!"

"आणि डाळ शिजेना तेव्हा?"

"डाळीचं मला काय म्हाईत? मी भातवाला मानूस."

स्वतःच्या टाकीत स्वतःचं पाणी सोडणं हा गुन्हा नव्हे. दोन्ही घरांना समज दिली, पाइप कापायला लावला, धाकटीवरची तक्रार निकाली काढली. पुढे अहवालही आला. विष नाही, क्षार भरपूर.

पोरं विचारतात, इतक्या नोकरीत काय शिकलात? मी सांगतो, चोर सापडतो, खुनी सापडतो, पण मत्सराला कलम नाही. तो दुसऱ्याच्या टाकीकडे बघत आपल्याच पाण्यात क्षार सोडतो. मित्राला पुढे पदकही मिळालं. पदक तसं लहानच होतं, मी जवळून पाहिलंय.

काही महिन्यांनी थोरली मंडईत भेटली. पिशवी भरलेली, तब्येत सुधारलेली. खानावळ पुन्हा चालू लागल्याचं कानावर होतंच.

"काय आक्का, आता डाळ शिजते ना?"

"शिजती," ती म्हणाली. "पर टाकी तिची आधी भरती."