शाही आरमाराची पातेली

अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या जेवणानंतरची मोठी पातेली दोन वर्षं मी एकटीच घासली. बाबांची चळवळीतली पत्रकं वाचत मी वाढले, म्हणून तिसऱ्या वर्षी मीही पत्रक काढलं: 'जेवणारे सगळे, मग घासणारी एकच का?' लोकांनी ते ओल्या ताटांखाली अंथरलं.

मग मीटिंगमध्ये अध्यक्ष काका म्हणाले, "कॅनडानं आपल्या नौदलाला 'रॉयल' हे जुनं नाव परत दिलं. आपणही कामांना अशी नावं देऊ, मग माणसं येतील. पार्किंगवाले शाही घोडदळ, भांडीवाले शाही आरमार."

"काका, राजा नको म्हणूनच तर हा देश जन्मला!" मी उसळले.

"अगं, राजा कुठे आणतोय? फक्त बिल्ले आणतोय."

गणपतीच्या दिवशी सिंकपाशी रांग लागली. दोन हार्ट सर्जन, औषध कंपनीतले एक व्हाइस प्रेसिडेंट, सगळ्यांच्या छातीवर सोनेरी बिल्ले. घरी स्वतःचा कप न विसळणारी ही माणसं आमटीच्या पातेल्यासाठी भांडत होती.

मी बिल्ला नाकारला आणि घासणी उचलली. एका सर्जन काकांनी हात आडवा घातला.

"बिल्ला नाही, तर पातेलं नाही. आरमाराची शिस्त आहे, यार."

"काका, दोन वर्षं मीच घासत होते!"

"तेव्हा आरमार नव्हतं."

त्यांची मुलगी मागून म्हणाली, "डॅड, जस्ट गिव्ह हर अ पॉट." काका हलले नाहीत.

त्याच दुपारी मी नवं पत्रक लिहिलं: बिल्ल्याशिवाय पातेलं घासण्याचा हक्क प्रत्येकाला मिळालाच पाहिजे. अजून मिळालेला नाही.