जिनिंगच्या पेटीतून गेलेल्या चोवीस रिंगा

दादाचं पत्र आलं तेव्हा मी दुकानात एका चाकाच्या तारा आवळत होते. पांढरकवड्याला बसस्टँडजवळ आमचं सायकलचं दुकान. बाबा गेल्यावर ते मीच चालवत होते. दादाला त्या कामात कधी गोडी वाटली नाही. तो कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये फिटर झाला. पुढे कापसाचा धंदा बसला, आमच्या भागातल्या जिनिंगा एकामागून एक बंद पडायला लागल्या, तेव्हा तो टांझानियातल्या एका जिनिंगवर निघून गेला. त्याला दोन वर्षं होत आली होती. वहिनी माझ्याजवळच राहायची. दर दोन-तीन महिन्यांनी थोडे पैसे यायचे आणि पत्र यायचं. मी मजेत आहे, काम चांगलं आहे, साहेब भला माणूस आहे.

या पत्रात मात्र यादी होती. चाकांच्या चोवीस रिंगा, बारा जाड कॅरिअर, मडगार्डं, फ्रीव्हील, तारा, पायडलचे बीबी एक्सल. तिकडेही आपल्यासारख्याच काळ्या, जड सायकली चालतात, पण सुटा माल धड मिळत नाही. जिनिंगवरच्या मजुरांसाठी पाहिजे, असं त्यानं लिहिलं होतं. मजुरांची एवढी काळजी करतो म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं.

माल जमवायला आठ दिवस लागले. मग मी यवतमाळला कुरिअरच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं वजनाचं फारसं मनावर घेतलं नाही. लांबी, रुंदी, उंची विचारली, गुणाकार केला आणि आकडा लिहिलेला कागद माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, एक शून्य चुकून जास्त पडलं. तेवढ्यात तसा माल आणखी सहा वेळा घेता आला असता.

"रिंगेच्या मधात जी जागा राह्यते ना मॅडम, तिचंबी भाडं लागते," तो म्हणाला.

रिंगेत जागेशिवाय दुसरं असतं काय? मी कागद तिथंच ठेवून उठले. पोस्टातलं जहाजानं जाणारं पार्सल स्वस्त होतं, पण तिथल्या बाबूंनी टेप फिरवला तर त्यांच्या मापात एका वेळी दोनच रिंगा बसत होत्या.

शेवटी दादाबरोबर काम केलेल्या एका फिटरनं वाट दाखवली. नागपुरातल्या एका कारखान्यातून जिनिंगची यंत्रं त्याच देशात जात होती, मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून. पेटीत यंत्राखाली बरीच जागा रिकामी जाते, मालकाला जाऊन विचार, असं तो म्हणाला. मी गेले आणि विचारलं. मालकांनी थोडं भाडं सांगितलं आणि हो म्हटलं. त्यांचं यंत्र जिथं उतरणार होतं तिथून दादाचं गाव दोन तासांवर होतं. मात्र एकूण एक नग मालाच्या यादीत लिहायचा, लपवाछपवी चालणार नाही, आणि मोकळ्या जागेबाहेर बोटभरसुद्धा काही यायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

मग तीन दिवस मी नुसती बांधाबांध केली. बारा-बारा रिंगा एकीवर एक रचून दोन पिंपं केली आणि त्यांच्या पोकळीत फ्रीव्हील, एक्सल, तारांचे जुडगे ठासून भरले. मडगार्डं वाट्यांसारखी एकात एक घातली. कॅरिअरचे पाय सोडवून ते सपाट केले. वहिनीनं वरून बारदान शिवलं आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात दादाचा पत्ता लिहिला.

माल घेऊन मी नागपूरला गेले. पेट्या भरायचं काम चाललं होतं. तिकडे यंत्र बसवून नुकताच परत आलेला एक इंजिनिअर तिथं उभा होता. त्यानं बारदानावरचा पत्ता वाचला, पुन्हा वाचला.

"ताई, तिथली जिनिंग तर दीड वर्षापासून बंद आहे."

मी म्हटलं, नाही हो, माझा भाऊ तिथंच कामाला आहे. मग त्यानं विचारलं, भाऊ उंच आहे का, उजव्या भुवईवर खूण आहे का. दोन्ही खरं होतं. तो म्हणाला, त्या गावच्या बाजारापाशी एका झाडाखाली आपल्याकडचा एक माणूस सायकली दुरुस्त करतो. आपली बोली ऐकून त्यानं या इंजिनिअरलाही बसवून चहा पाजला होता.

माझा माल पेटीत गेला. कामगार पेटीवर फळ्या ठोकत होते आणि मी बघत उभी राहिले. इंजिनिअरनं झाडाशेजारच्या दुकानाचा फोन नंबर दिला, तो मी नीट घेतला की नाही हेही मला कळलं नाही. बसमध्ये नंबर आठवून तीनदा पर्स उघडली.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती तूर निवडत होती. तिनं विश्वासच ठेवला नाही. ट्रंकेतून सगळी पत्रं काढली, एकेक वाचली आणि बाजूला ठेवत गेली. शेवटचं पत्र झाल्यावर म्हणाली, माल परत आण. मी म्हटलं, पेटीला खिळे ठोकले. ती पुन्हा तूर निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीडी बूथवर गेलो. पलीकडून कोणीतरी दादाला बोलवायला गेलं. तो आल्यावर वहिनीनं एवढंच विचारलं, जिनिंग बंद आहे हे खरं का. मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. आता ही त्याला परत ये म्हणणार, असं मला वाटलं.

"रिंगा निघाल्या हायत," ती म्हणाली. "आखीन काय लागते ते सांगा. पण आता लबाड बोलू नोका."

माल पोचायला तीन महिने लागले. एक रिंग वाकली होती, बाकी सगळं नीट मिळालं. त्या मालावर त्यानं झाडाखालून उठून टिनाच्या शेडमध्ये दुकान टाकलं.

दोन वर्षांनी तो वहिनीला न्यायला आला. दुकानात माझ्यासमोर बसून त्यानं पहिल्यांदा सगळं सांगितलं. साहेब एक दिवस गाडीत बसून गेला तो आलाच नाही. पगार राहिला, परतीचं तिकीट राहिलं. हा चौकीदाराबरोबर रिकाम्या गोदामात राहायला लागला. चौकीदाराची सायकल नीट करून दिली, तर त्यानं मक्याचं जेवण दिलं. दुसऱ्या दिवशी चौकीदाराचा भाऊ सायकल घेऊन आला. आम्हाला यायचे ते पैसे त्यातलेच होते.

हे सगळं तो इतक्या सहज सांगत होता की मला ते ऐकवेना. मी विचारलं, मला का नाही कळवलंस?

"तुले सांगतलं असतं, त तू हे दुकान इकून मले तिकीट पाठवलं असतं," तो म्हणाला.

दोन गिऱ्हाइकं केव्हाची उभी होती. मी उठून त्यांच्याकडे गेले, कारण तो म्हणाला ते खरं होतं.