देव नसलेला डोंगर

अण्णा, म्हणजे माझे वडील, आष्टीहून एडिंबराला आले ते मला परत न्यायला. परदेशातली नोकरी खूप झाली, आता पोरीनं गावाकडं यावं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मला हे शहर सोडायचं नव्हतं. पण अण्णांपुढे बोलून आजवर कुणाचं काही चाललेलं नाही. म्हटलं, आधी पायी शहर दाखवू, मग बघू.

किल्ल्यापासून निघालो. रस्ता उताराचा, दोन्ही अंगांना काळपट दगडाच्या उंच इमारती, आणि मधूनच एखादा इतका अरुंद बोळ की त्यातून डोकावलं तर खाली एकदम अर्धं शहर. मला हे रोजचं, तरी रोज थांबावंसं वाटतं. अण्णा मात्र भिंतीच चाचपत होते.

"लई बेस काम हाय," दगडांच्या सांध्यावर नख फिरवत ते म्हणाले.

समोरून येईल त्याला त्यांचा रामराम चालूच. गंमत म्हणजे बरेच जण मान लववून तो घेतही होते. त्या लोकांचं मला फार कौतुक वाटलं.

उतार संपला तिथं शहराला खेटूनच मोठा डोंगर आहे. लोकांची रीघ वर चाललेली. अण्णांनी पायथ्याशीच हात जोडले आणि बूट काढायला बसले.

"वर कोन हाय? खंडोबा का देवी?"

"कुणीच न्हाई अण्णा. नुसता डोंगर हाय."

"मग मानसं कावून चढत्यात?"

"बघायला."

त्यांना ते काही पटलं नाही. नाराजीनंच बूट पुन्हा चढवले.

वर वारा बेफाम. खाली किल्ला, आम्ही चालून आलेला रस्ता, पलीकडे समुद्र. अण्णांनी चहूकडं नजर फिरवली. मला वाटलं, आता म्हणतील, बघून झालं, चल घरी.

ते खडकाच्या आडोशाला बसले आणि चपटे दगड गोळा करून एकावर एक रचू लागले. आमच्याकडे डोंगरावर देवाला गेलेली माणसं असे दगड रचतात. आपलं घर होऊ दे, म्हणून देवाला घातलेलं ते साकडं.

मी म्हटलं, "आपलं घर हाय की गावाकडं."

"त्ये माजं," दगड हलत नाही ना, ते बघत अण्णा म्हणाले. "ह्ये तुजं. हितलं."

मला रडू फुटलं. मी खाली बसून त्यांच्या हातात दगड द्यायला लागले.