उजव्या खिशाचा शर्ट

कोपऱ्यावरच्या शिंप्याने तीस वर्षांत कुणाचं माप कागदावर लिहिलं नव्हतं. टेप एकदा फिरवली की छाती, बाही, गळा सगळं डोक्यात पक्कं. दोन वर्षांनी आलेल्या गिऱ्हाइकालाही तो विचारायचा, "पोट दीड इंच सुटलंय ना?" टेप लावली की दीडच निघायचं.

त्यामुळे मंगळवारी दुकानासमोर एका पांढऱ्या गाडीने निवृत्त शिक्षिकाबाईंना उडवलं, तेव्हा फौजदार आधी त्याच्याकडेच आला. शिंपी म्हणाला, "ड्रायव्हरनं मान बाहेर काढली आणि गाडी पळवली. रुंद चेहरा. शर्ट बहुतेक निळ्या चौकड्यांचा."

मग येईल त्या गिऱ्हाइकाला तो हेच सांगू लागला. सांगता सांगता 'बहुतेक' गळून पडलं. आठवडाभराने जबाब लिहून देताना त्याला खिसासुद्धा आठवला, चक्क उजव्या बाजूला. खिसा उजवीकडे ठेवणारा डावखुरा माणूस गल्लीत एकच यायचा, बेकरीच्या पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर. त्याच्या घरात तो शर्टही सापडला. ड्रायव्हर आत गेला.

पुढच्या सोमवारी शिंप्याची बायको चिंध्या निवडत होती. निळा तुकडा हातात धरून ती म्हणाली, "बिचाऱ्याचा शर्ट. गुरुवारी काजं करून दिली मी, आणि घालायला मिळाला किती दिवस?"

शिंप्याचा पाय मशीनवरच थांबला. "गुरुवारी?"

"मग? मंगळवारी त्याला बाह्या तरी होत्या का? तुम्ही खिसा लावत होतात, तेवढ्यात ब्रेक वाजला."

 ज्या शर्टावर नजर होती, तोच शिंप्याने रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर चढवला होता. आणि शर्टामागोमाग त्या शर्टाच्या मालकाचा चेहराही.

 तो दुकानात बसे, उठे, रस्त्यापर्यंत जाऊन परत येई. "चूक झाली असं सांगितलं तर लोक तोंडात शेण घालतील," तो म्हणाला.

"घालू देत," बायको म्हणाली. "त्याची बायको रोज चौकीच्या पायरीवर बसून असते."

तो तसाच उठून चौकीत गेला. फौजदार भडकला. "तोही घसा फोडून सांगत होता, शर्ट नंतर मिळाला म्हणून! तुमच्या शब्दावर आम्ही त्याला खोटा ठरवला. आता तुमचं काय खरं धरायचं?"

"गाडी पांढरी होती," शिंपी म्हणाला. "तेवढंच."

चार दिवसांनी ड्रायव्हर सुटला. शिंपी त्याच्या दारात गेला, पण दार उघडलं नाही. शिक्षिकाबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्यांच्याकडे जाऊनही त्याने सगळं सांगितलं. त्यांचे यजमान म्हणाले, "म्हणजे ज्यानं हिला उडवलं, तो मोकळाच."  बाई म्हणाल्या, "निदान भलता माणूस तरी आत नाही."

खरा माणूस पुढेही सापडला नाही. शिंपी आता दिवसातून दहादा शिलाई उसवून पुन्हा घालतो आणि बायकोला विचारतो, "हे मी आत्ताच केलं ना?" सगळ्यात वाईट म्हणजे, ब्रेकचा आवाज आला की आजही त्याला खिडकीतून वाकलेला तोच चेहरा दिसतो, तोच निळा शर्ट, उजवीकडे खिसा. तो तिथे नव्हता हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी तो दिसतोच.